निवडुंगाचे काटे काढणारा माळी

देवगाव फाटा (जि. परभणी), प्रतिनिधी - पाऊस लांबला की मराठवाड्यातील शेतकऱ्याला स्वतःच्या भाकरीआधी दावणीच्या वैरणीची चिंता लागते. माणसांसाठी रेशनचे दुकान असते, गावात टँकर येतो. मुक्या जनावरांचे पोट मात्र ज्याचे त्याला सांभाळावे लागते. सेलू तालुक्यातील देवगाव फाट्याचा परिसर याला अपवाद नाही. मराठवाड्यात सर्वत्र झाले तेच येथेही झाले. कापूस आणि सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली आणि ज्वारीबरोबर हक्काचा कडबाही आटला. सोयाबीनचे भुसकट कडब्याची बरोबरी करीत नाही आणि पऱ्हाटी चुलीतच जाते. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत चारा छावण्या उभारण्याची वेळ आली, तेव्हा शहरांनाही या प्रश्नाची धग जाणवली.

अशा उन्हाळ्यात सारे रान करपलेले असताना माळावरचा फड्या निवडुंग मात्र हिरवागार उभा असतो. त्याच्या फडांत पाणी असते, खाण्याजोगा गर असतो. पण अंगभर काटे असल्याने जनावर त्याला तोंड लावत नाही. हे काटेच नाहीसे करता आले तर? सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका माळ्याने हाच प्रश्न हाती घेतला आणि त्यासाठी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे खर्ची घातली. त्यांचे नाव ल्यूथर बरबँक. ११ एप्रिल २०२६ ही त्यांची शंभरावी पुण्यतिथी. बिनकाट्याच्या निवडुंगाची चर्चा आपल्याकडे नव्याने सुरू झालेली असताना त्यांचे चरित्र पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्यात मोठे यश आहे आणि त्या यशाच्या नावावर झालेली मोठी फसगतही आहे.

महाविद्यालय न पाहिलेला शास्त्रज्ञ

बरबँक यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लँकेस्टर गावी झाला. वडील शेती करीत आणि विटाही पाडीत. तीन विवाहांतून झालेल्या त्यांच्या मोठ्या कुटुंबात ल्यूथर हे तेरावे अपत्य. गावातील शाळेपलीकडे त्यांचे शिक्षण झाले नाही. तरुणपणी काही काळ त्यांनी नांगर तयार करणाऱ्या कारखान्यात काम केले; परंतु यंत्रांपेक्षा मातीत त्यांचे मन अधिक रमत असे. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी जवळच्याच लुनेनबर्ग येथे १७ एकर जमीन घेतली आणि भाजीपाला पिकवून बाजारात विकण्यास सुरुवात केली.

याच सुमारास चार्ल्स डार्विन यांचा पाळीव प्राणी आणि लागवडीतील वनस्पती यांच्यातील बदलांवरचा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. माणसाने निवड करीत राहिले तर वनस्पतीचे रूप आणि गुण बदलता येतात, हा विचार त्यांच्या मनात पक्का रुजला. विद्यापीठात न गेलेल्या या तरुणाला तेथेच आयुष्याची दिशा सापडली.

पहिले यश बटाट्याने दिले. बटाटा आपण कंद लावून वाढवतो. त्याच्या झाडाला क्वचित टोमॅटोसारखे लहान हिरवे फळ धरते आणि त्यात बी असते. १८७२ मध्ये बरबँक यांना आपल्या वाफ्यात असे एक फळ दिसले. ते पिकेपर्यंत त्यांनी त्यावर नजर ठेवली. त्यातून २३ बिया निघाल्या आणि प्रत्येक बीपासून वेगळ्या गुणांचे झाड आले. त्यांतील एका झाडाचे बटाटे आकाराने मोठे, गुळगुळीत आणि संख्येनेही अधिक निघाले. हाच पुढे बरबँक बटाटा म्हणून प्रसिद्ध झाला. ग्रेगरी नावाच्या बियाणे व्यापाऱ्याने त्याचे हक्क १५० डॉलरला विकत घेतले. याच वाणातून पुढे निपजलेला रसेट बरबँक आजही अमेरिकेतील प्रमुख बटाट्यांपैकी एक असून, फ्रेंच फ्राइजसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. जगाने त्यावर अमाप पैसा कमावला; बरबँक यांच्या वाट्याला आले ते १५० डॉलर आणि स्वतःसाठी ठेवून घेतलेले दहा बटाटे.

सांता रोझाची बाग

ते दहा बटाटे सोबत घेऊन १८७५ मध्ये बरबँक कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे आले. हवा सौम्य, जमीन चांगली. पण खिशात पैसा नव्हता. सुरुवातीची वर्षे मिळेल ती मजुरी करण्यात आणि आजारपणात गेली. हळूहळू त्यांनी स्वतःची रोपवाटिका उभी केली.

१८८१ मध्ये एका बागायतदाराने त्यांच्याकडे एकाच हंगामात प्रून जातीच्या आलुबुखाराची २० हजार रोपे मागितली. हे काम एरवी दीड-दोन वर्षांचे. बरबँक यांनी झपाट्याने उगवणाऱ्या बदामाची रोपे खुंट म्हणून लावली, त्यांवर आलुबुखाराचे डोळे भरले आणि वेळेत मागणी पूर्ण केली. या कामाने त्यांचे नाव आसपासच्या परिसरात झाले. १८८५ मध्ये त्यांनी सांता रोझाजवळील सेबास्टोपोल येथे १८ एकर जमीन घेतली. पुढील चार दशके त्यांचे प्रयोग मुख्यतः याच दोन जागी चालले.

त्यांची पद्धत सोपी वाटते. पण तिला अचाट चिकाटी लागते. देशोदेशींची झाडे मागवायची, त्यांचा आपसांत संकर करायचा, हजारो रोपे उगवायची आणि त्यांतील एखादेच निवडून बाकी सारी जाळून टाकायची. रोप बोटभर असतानाच पानांवरून त्याच्या फळाचा अंदाज बांधण्याची विलक्षण नजर त्यांच्याकडे होती. जपानमधून मागवलेल्या आलुबुखारांपासून त्यांनी अनेक नवी वाणे काढली. त्यांतील १९०६ मधील सांता रोझा हे वाण आजही बागांत टिकून आहे. फुलबागांत सर्वत्र दिसणारी शुभ्र शास्ता डेझी त्यांनी सुमारे १७ वर्षांच्या संकर-निवडीतून तयार करून १९०१ मध्ये बाजारात आणली. आयुष्यभरात त्यांनी ८०० हून अधिक नवी वाणे दिली, असे मानले जाते.

कीर्ती वाढत गेली. कॅलिफोर्नियाने त्यांचा जन्मदिवस वृक्षदिन म्हणून स्वीकारला. एडिसन आणि हेन्री फोर्ड त्यांना भेटून गेले. १९०५ मध्ये कार्नेगी संस्थेने त्यांना वर्षाला १० हजार डॉलरचे अनुदान मंजूर केले आणि त्यांच्या कामाची शास्त्रीय नोंद घेण्यासाठी जॉर्ज शल या वनस्पतिशास्त्रज्ञाला पाठविले. येथे बरबँक यांची दुबळी बाजू उघडी पडली. कोणत्या झाडाचा कोणाशी संकर केला, किती रोपे आली, किती टाकली, याच्या व्यवस्थित नोंदी त्यांच्याकडे नव्हत्या. सारा हिशेब त्यांच्या डोक्यात आणि नजरेत होता. अखेर १९०९ मध्ये अनुदान थांबले. ते शास्त्रज्ञ होते की कुशल माळी, हा वाद तेव्हापासून आहे. झाडांची मात्र या वादाने काही अडचण झाली नाही. ती वाढत राहिली.

काट्यांशी झुंज

या साऱ्या प्रयोगांत बरबँक यांच्या सर्वांत जिव्हाळ्याचा आणि सर्वांत त्रासाचा प्रयोग निवडुंगाचा होता. अमेरिकेच्या नैऋत्येकडील कोरड्या प्रदेशात दुष्काळ पडला की पशुपालक निवडुंगाचे काटे जाळून फड जनावरांना घालीत. काटे नीट जळले नाहीत तर जनावराच्या तोंडात आणि आतड्यांत जखमा होत. काट्याविना निवडुंग मिळाला तर ओसाड माळरानाचे कुरण होईल, हे बरबँक यांचे स्वप्न होते.

अगदीच काटे नसलेले किंवा थोडे काटे असलेले निवडुंग मेक्सिकोत आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत आधीपासून होते. ही गोष्ट पुढे वादाचा विषय झाली. बरबँक यांनी ते मिळवले, इतर प्रदेशांतील दणकट जातींशी त्यांचा संकर केला आणि हजारो रोपांतून निवड सुरू केली. मोठ्या काट्यांपेक्षा केसासारखे बारीक काटे अधिक छळणारे. ते कातडीत घुसले की निघता निघत नाहीत. ते काढण्यासाठी बरबँक यांना कधी वस्तरा तर कधी काचकागद वापरावा लागे. अशी ही मेहनत वीसहून अधिक वर्षे चालली.

योगानंदांमुळे या निवडुंगाची एक वेगळी कथा भारतीय वाचकांपर्यंत पोहोचली आहे. सांता रोझाच्या बागेत बरबँक यांना भेटलेल्या परमहंस योगानंद यांनी १९४६ मधील आपले आत्मचरित्र त्यांच्याच स्मृतीस अर्पण केले आणि त्यात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. निवडुंगाशी प्रेमाने बोलून, तुला आता संरक्षणाची गरज नाही अशी ग्वाही देऊन त्यांनी त्याचे काटे गळवले, अशी ती कथा. बरबँक यांचे आपल्या झाडांवर जीवापाड प्रेम होते, यात शंका नाही. परंतु काटे गेले ते संकर, निवड आणि पुन्हा निवड या वाटेने. ही गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण बिनकाट्याच्या निवडुंगाचे बी पेरले तर त्यातून पुन्हा काटेरी रोपे येऊ शकतात. वाण टिकवायचे तर फडच लावावा लागतो.

स्वप्नाचा बाजार

१९०७ मध्ये बरबँक यांनी चाऱ्यासाठी आणि फळांसाठी तयार केलेल्या निवडुंगांची स्वतंत्र यादी प्रसिद्ध केली. वाळवंटात कुरण फुलणार, अशा बातम्या वृत्तपत्रांनी रंगवून दिल्या आणि बरबँक यांनीही त्यांना आवर घातला नाही. ऑस्ट्रेलियातील एका रोपवाटिकाधारकाने मोठी किंमत मोजून दक्षिण गोलार्धातील हक्क घेतले. कादंबरीकार जॅक लंडन यांनीही आपल्या मळ्यात हा निवडुंग लावला. कोरडवाहू जमिनीचा तुकडा घ्यावा, त्यात बरबँकचे फड रोवावेत आणि घरी बसून पैसा मोजावा, अशी हवा तयार झाली.

सरकारी कृषी खात्यातील निवडुंगतज्ज्ञ डेव्हिड ग्रिफिथ्स यांनी तेव्हाच सावध केले होते. बिनकाट्याच्या जाती नव्या नाहीत, थंडीत त्या तग धरत नाहीत आणि काटे नसल्याने ससे, उंदीर, मोकाट जनावरे त्यांचा फडशा पाडतात. काटा हे निवडुंगाचे कुंपण होते. ते काढले की माणसाला कुंपण घालावे लागते. शिवाय निवडुंग कमी पाण्यावर जगतो, हे खरे असले तरी भरघोस चारा हवा असेल तर त्यालाही थोडे पाणी, थोडे खत आणि दोन-तीन वर्षांचा धीर लागतो. हे आक्षेप उत्साहाच्या भरात कोणी मनावर घेतले नाहीत.

१९१२ मध्ये काही व्यापाऱ्यांनी बरबँक यांचे नाव वापरण्याचे हक्क मिळवून कंपनी स्थापन केली. तिचे भाग विकले गेले आणि फडांची मागणी इतकी वाढली की खरा माल अपुरा पडू लागला. तेव्हा कंपनीच्या माणसांनी साध्या काटेरी निवडुंगाचे काटे तारेच्या ब्रशने घासून काढले आणि तेच फड बरबँकच्या नावाने शेतकऱ्यांना विकले. शेतात लावलेल्या फडांना नवे कोंब फुटले तेव्हा त्यांवर काटेही आले. १९१६ पर्यंत कंपनी दिवाळखोरीत निघाली. ही फसवणूक बरबँक यांनी स्वतः केली नव्हती; पण नाव त्यांचे होते. व्यवहाराची फारशी समज नसलेल्या या माणसाने आपले नाव दुसऱ्यांच्या हाती सोपवले आणि चाळीस वर्षांच्या मेहनतीने मिळवलेली पत काही काळ पणाला लागली.

सांता रोझाच्या बागेतील काम मात्र थांबले नाही. १९१६ मध्येच त्यांनी दुसरा विवाह केला. १९२६ च्या जानेवारीत एका मुलाखतीत त्यांनी पारलौकिक जीवनावर आपला विश्वास नसल्याचे जाहीर केले आणि देशभर गदारोळ उठला. निषेधाची आणि पाठिंब्याची हजारो पत्रे येऊन पडली. त्यांना उत्तरे देता देता वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांची प्रकृती ढासळली. ११ एप्रिल १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. सांता रोझाच्या घरासमोर त्यांनीच वाढवलेल्या देवदाराच्या झाडाखाली त्यांना पुरण्यात आले.

चार वर्षांनी, १९३० मध्ये, अमेरिकेत वनस्पतींच्या नव्या वाणांना पेटंट देणारा कायदा झाला. १५० डॉलरमध्ये बटाटा विकाव्या लागलेल्या बरबँक यांचे उदाहरण त्या वेळी आवर्जून पुढे ठेवण्यात आले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या अनेक वाणांना या कायद्याखाली पेटंट मिळाले.

निवडुंगाची दुसरी बाजू

योगायोग असा की, ज्या १९२६ मध्ये बरबँक गेले, त्याच वर्षी निवडुंग मारण्यासाठी श्रीलंकेतून भारतात एक किडा आणण्यात आला. आपला त्रिधारी निवडुंग मूळचा येथला; फड्या निवडुंग मात्र अमेरिका खंडातून आलेला. कुंपणासाठी लावलेला हा पाहुणा दक्षिण भारतात शेते आणि गायराने गिळू लागला होता. फडांवर पांढऱ्या कापसासारखा दिसणाऱ्या या किड्याने पाच-सहा वर्षांत हजारो हेक्टर जमीन मोकळी केली. ऑस्ट्रेलियात तर त्याच सुमारास निवडुंगाने सुमारे अडीच कोटी हेक्टर व्यापले होते आणि तेथेही अखेर एका पतंगाच्या अळीनेच सुटका केली. एकीकडे बरबँक निवडुंग वाढवण्यासाठी झटत होते, तर दुसरीकडे अर्धे जग तो कसा मारावा या विवंचनेत होते.

तरीही बरबँक यांचे स्वप्न पूर्णपणे खोटे ठरले नाही. १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने त्यांची बिनकाट्याची वाणे करू या कोरड्या प्रदेशात नेली आणि तेथे ती दुष्काळातील वैरण म्हणून टिकली. ब्राझीलच्या ईशान्य भागात, ट्युनिशियात आणि मोरोक्कोत बिनकाट्याचा निवडुंग आज पशुपालनाचा आधार आहे. जाहिरातीचा धुरळा खाली बसल्यावर, लहान शेतकऱ्यांनी आपल्या गरजेपुरता लावलेला निवडुंग टिकून राहिला.

आपल्या माळरानासाठी

महाराष्ट्रातही हे प्रयोग नवे नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने अमेरिकेतून बिनकाट्याची वाणे आणून लावली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बायफ या संस्थेने अलीकडच्या काळात शेळ्या-गुरांच्या चाऱ्यासाठी त्यांचा प्रसार हाती घेतला. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागानेही पडीक जमिनीवर निवडुंग लावण्याचा विषय पुढे आणला.

या वनस्पतीचे सामर्थ्य तिच्या श्वासात आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरील छिद्रे उघडतात आणि उन्हात पाणी गमावतात. निवडुंग ती रात्री उघडतो. त्यामुळे थोड्या पाण्यात तो अधिक वाढतो आणि जनावराच्या पोटात चाऱ्याबरोबर पाणीही जाते. कारण फडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. तीच त्याची मर्यादाही आहे. त्यात प्रथिने फार कमी. नुसता निवडुंग घातला तर जनावराला हगवण लागते आणि ते खंगते. त्याचे तुकडे करून कडबा, भुसकट यांच्या कुट्टीत मिसळावे लागतात आणि सोबत पेंडीचा किंवा द्विदल चाऱ्याचा आधार द्यावा लागतो. परभणी जिल्ह्यातील खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते. तेथे निवडुंगाची मुळे कुजतात. त्याची जागा मुरमाड माळावर, उतारावर, निचऱ्याच्या बांधावर. जिंतूरच्या बाजूला अशी जमीन भरपूर आहे. श्रीलंकेतून आणलेला तो किडा आजही भारतात आहे. याच जातीच्या किड्याने २०१४ नंतर मोरोक्कोतील निवडुंगाच्या बागा मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केल्या. त्यामुळे लागवडीवर लक्ष ठेवणेही ओघानेच आले.

मराठी वाचकाला वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळे कार्व्हर घरातल्या माणसासारखे ठाऊक आहेत. बरबँक त्यांच्याच काळातले, त्यांच्यासारखेच मातीत रमलेले. पण त्यांच्या वाट्याला तसे निष्कलंक चरित्र आले नाही. आणि म्हणूनच ते आपल्याला अधिक जवळचे वाटावे. मराठवाड्याने जट्रोफा पाहिला, इमू पाहिला. घरी बसून पैसा मोजण्याची आश्वासने पाहिली आणि नंतर ओस पडलेले पिंजरेही पाहिले. बिनकाट्याचा निवडुंग त्या रांगेत बसवण्याचे कारण नाही. तो उपयोगी आहे. मात्र तो कडब्याची जागा घेणार नाही, कडबा संपत आलेल्या दिवसांत जनावर जगवील. बांधावर, माळावर चार ओळी लावून ठेवाव्यात आणि दुष्काळाच्या वर्षी कापाव्यात, एवढाच त्याचा वायदा आहे.

बरबँक यांनी काटे काढले, हे खरे. त्यांच्या नावाने विकल्या गेलेल्या फडांचे काटे मात्र घासून काढलेले होते आणि हा फरक शेतकऱ्याला कळला तो पैसे गेल्यानंतर. शंभर वर्षांनी तोच निवडुंग आपल्या माळावर येत असताना, फड कोणाकडून घेतला आणि पहिला कोंब कसा फुटला, एवढे पाहण्याची सावधगिरी बाळगली, तरी त्या माळ्याचे आयुष्य आपल्या कामी आले असे म्हणता येईल.